कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी किंवा कुंदा एकदा रुजला, की तो शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पुरून उरतो. वरचे पाते खुरपून काढावे, तर खोल गेलेल्या मुळ्या पुन्हा कोंब धरतात. पूर्वीचा लाकडी नांगर जमीन चिरीत जाई. परंतु खालची माती वर आणून ती उलथी करणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. बैल थकत, माणसे थकत आणि तण मात्र राहून जाई. इंग्लंड-अमेरिकेत लोखंडी नांगर कधीच रूढ झाले होते. आपल्याकडेही ते जहाजांतून तुरळक येत. पण आपल्याच मुलखात घडविलेला, मोडला तर येथेच दुरुस्त होणारा आणि येथील बैलांना ओढता येईल असा नांगर शेतकऱ्याला कोण देणार? हे काम ज्या पुरुषाने अंगावर घेतले, तो लोहाराच्या घरात जन्मलेला नव्हता. तो चित्रकार व्हावयास निघाला होता. त्याचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. पांढरपेशा घरातील मुलाने शिकावे, सरकारी नोकरी धरावी आणि प्रतिष्ठेने दिवस काढावे, हा त्या काळचा रिवाज. परंतु शाळेच्या पुस्तकांत लक्ष्मणाचे मन रमत नसे. त्याला ओढ होती ती दोनच गोष्टींची. एक चित्रे काढण्याची आणि दुसरी यंत्रांची. असल्या छंदांनी पोट भरत नाही, असे वडीलधाऱ्यांस वाटले तर त्यांत नवल नव्हते. मात्र थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना घरातील सारे रामूअण्णा म्हणत, यांनी धाकट्या भावाची ओढ ओळखली आणि त्याच्या शिक्षणाच्या खर्चाचा भार उचलला. 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्यांच्यावर विश्वास टाकणारा हा पहिला माणूस. पुढे आयुष्यभर रामूअण्णांनी तो विश्वास ढळू दिला नाही.

मुंबईस आल्यावर एक मोठेच संकट उभे राहिले. काही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आले. जो रंग ओळखू शकत नाही, त्याने चित्रकार कसे व्हावे? घरच्यांचा विरोध पत्करून ज्याच्यासाठी गाव सोडले, तेच स्वप्न मावळले. दुसरा एखादा तरुण खचून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा तेवढी हाती ठेवली. यंत्रांच्या आराखड्यास रंग लागत नाही. लागते ते नेमके माप आणि स्वच्छ रेघ. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास मन लावून केला. त्यात इतके प्रावीण्य मिळविले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या संस्थेत त्यांना खरे गुरू भेटले, ते म्हणजे यंत्रे. शिकविण्याचे काम आटोपले, की यंत्राचा कोणता भाग कोणत्या भागास फिरवितो, झीज कोठे होते, हे ते पाहात. परदेशांतून येणारी यंत्रविद्येची मासिके वाचीत. नोकरी सांभाळून त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या आणि औषधांच्या गोळ्या ठेवण्याच्या कागदी डब्या तयार करण्याचे लहानसे उद्योगही करून पाहिले. त्यांत जम बसला नाही. तरी वस्तू घडविणे वेगळे आणि ती बाजारात टिकविणे वेगळे, हा धडा मिळाला. याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. 1888 साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, असा व्यवहार सुरू झाला. पुढे विस्तारलेल्या साऱ्या उद्योगांचे बीज त्या लहानशा दुकानात होते.

काही वर्षांनी संस्थेत बढतीची जागा निघाली. लक्ष्मणरावांची लायकी आणि सेवा पाहता ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु ते हिंदी असल्यामुळे ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परकी राज्यात अशा गोष्टी नित्याच्याच होत्या आणि पुष्कळ लोक त्या मुकाट्याने गिळीत. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. महिन्याच्या महिन्यास मिळणारा पगार सुटला. त्याच्या बदल्यात, मनात येईल ते करून पाहण्याची मोकळीक मिळाली. नव्या वस्तूच्या शोधास ही मोकळीक फार मोलाची असते. परंतु तिची किंमतही द्यावी लागते, आणि ती त्यांनी कुटुंबासह दिली.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा गुरांपुढे टाकला, की वरची पाने खाल्ली जातात आणि ताटे तुडवून वाया जातात. तोच बारीक कापून घातला, तर वाया जात नाही. शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणीकडे पाहूनच हे यंत्र सुचलेले होते. त्यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले. परदेशी नांगर समोर ठेवून त्यांनी त्याचा भाग न्‌ भाग तपासला. बीड वितळविण्याची आणि साच्यात ओतण्याची विद्या त्यांनी पुस्तके व मासिके वाचून आणि चुका करीत करीत संपादन केली. 1903 च्या सुमारास किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला. परंतु तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. भांडवल अडकून पडलेले, घरात खाणारी तोंडे आणि दारात लोखंडाचे ढीग, अशी ती दोन वर्षे होती.

आज आपणांस त्या समजुतीचे हसू येईल. पण हसण्यापूर्वी थोडा विचार केला पाहिजे. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, त्या शेतकऱ्याने नव्या वस्तूची परीक्षा कशावर करावी? परीक्षा फसली, तर कारखानदाराचा एक नांगर परत येईल. शेतकऱ्याचे मात्र वर्ष बुडेल आणि सावकाराचे कर्ज वाढेल. त्याचे भय अडाणीपणाचे वाटले, तरी त्याच्या मुळाशी मोठा धोका होता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देत बसण्यात वेळ दवडला नाही. वादाने न पटणारी गोष्ट शेतातल्या तासाने पटते, हे त्यांनी ओळखले. ज्या थोड्या शेतकऱ्यांनी धीर करून नांगर नेला, त्यांच्या शेतात हरळीच्या मुळ्या उलथून वर आल्या आणि उन्हाने वाळून गेल्या. बांधावरून शेजाऱ्याने ते पाहिले. जमीन मेली नाही. उलट पीक चांगले आले. अशा रीतीने एका बांधावरून दुसऱ्या बांधावर नांगराची कीर्ती हळूहळू पोहोचली.

विक्रीबरोबर गाऱ्हाणीही आली. नांगराचा फाळ सारखा माती-दगडांशी झुंजत असतो. तो फार मऊ असला तर लवकर झिजतो; फार ठिसूळ असला तर दगडास लागून तुटतो. झिजलेला फाळ काढून त्या जागी दुसरा तंतोतंत बसला नाही, तर ऐन हंगामात सारा नांगरच निरुपयोगी होतो. वापरणाऱ्याच्या तोंडून दोष ऐकणे कोणासही गोड लागत नाही. लक्ष्मणरावांनी मात्र त्या गाऱ्हाण्यांना आपल्या कामाचे मार्गदर्शक मानले आणि नांगरात वेळोवेळी सुधारणा केल्या. कारखानदाराने वस्तू एकदा घडवावी आणि हात झटकावे, हे त्यांस मान्य नव्हते.

काम वाढू लागले आणि तोच नवे संकट आले. बेळगाव शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि नगरपालिकेने ती खाली करण्यास सांगितले. भट्ट्या, यंत्रे, माणसे आणि त्यांचे संसार घेऊन जावयाचे कोठे? दुसरी जागा घेण्यास हाताशी पैसा नव्हता. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब स्वतः चित्रकलेचे मोठे भोक्ते असून 1909 साली गादीवर आले होते. औंध येथील सभामंडपाच्या कामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांची करामत त्यांनी पाहिली होती. आपल्या संस्थानात कोठेही जागा पसंत करावी, असे त्यांनी लक्ष्मणरावांस कळविले आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तारण मागावे तर लक्ष्मणरावांपाशी हात, डोके आणि सचोटी यांवाचून काही नव्हते. राजाने तेच तारण पुरेसे मानले.

लक्ष्मणरावांनी पसंत केलेली जागा पाहून अनेकांनी कपाळास हात लावला असेल. कुंडल रोड या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळचा तो बत्तीस एकरांचा ओसाड माळ होता. जिकडे पाहावे तिकडे निवडुंग आणि त्यांच्या आडोशाला नाग. पाण्याची टंचाई, सावलीस झाड नाही. परंतु लक्ष्मणरावांनी माळाच्या कडेने जाणारा लोहमार्ग पाहिला. कच्चे लोखंड आणि कोळसा आणावयाचा आणि नांगर देशभर पाठवावयाचे, तर आगगाडी दाराशी हवी. परदेशांतील कारखान्यांभोवती कामगारांसाठी वसविलेल्या नगरांची वर्णने त्यांनी वाचली होती. तसे एक गाव आपणही वसवावे, ही आकांक्षा पूर्ण करण्यास मोकळा माळ त्यांना सोईचाच वाटला.

10 मार्च 1910 रोजी त्या माळावर कामाचा आरंभ झाला. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांनी तेथे मुक्काम ठोकला. निवडुंग तोडून जमीन मोकळी करण्यात आली, छपरे उभी राहिली, भट्टी पेटली. या वस्तीस पुढे किर्लोस्करवाडी हे नाव पडले. हिंदुस्थानातील आरंभीच्या उद्योगनगरांत तिची गणना होते.

या वाडीत जमलेली माणसे पाहिली, म्हणजे लक्ष्मणरावांच्या यशाचे मर्म कळते. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे होती. शंभोराव जांभेकर प्रसंगी यंत्रज्ञ होत, प्रसंगी आजाऱ्याची शुश्रूषा करीत आणि आग लागली तर विझविण्यास पुढे असत. मंगेशराव रेगे हिशेब पाहात. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते; तरी त्यांची कल्पकता ओळखून लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती यंत्रांचे काम दिले आणि ते नामांकित कारागीर ठरले. वाडीच्या राखणीसाठी तर त्यांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ती माणसे विश्वासास पुरेपूर उतरली. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक लक्ष्मणरावांनी घातला. ज्या काळी पुष्कळ गावांत पाणवठेही वेगळे होते, त्या काळची ही गोष्ट आहे.

जात आणि पूर्वीची चूक यांवरून माणसाची किंमत ठरविली, तर पुष्कळ बुद्धी वाया जाते, आणि पदवी हीच एकमेव कसोटी मानली तरी तेच घडते. वाडीतील कामगारास सुधारणा सुचली, तर ती ऐकून घेणारा मालक होता. काम बिघडले, तर ते का बिघडले हे शोधण्यास तो स्वतः जवळ उभा राही. चुकीबद्दल शिक्षेचे भय असेल, तर माणूस नवे काही करून पाहण्याचे सोडूनच देतो. ते भय किर्लोस्करवाडीत कमी होते. म्हणूनच त्या उजाड माळावर नव्या नव्या वस्तू जन्मास आल्या.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येण्याचे थांबले, त्यामुळे येथील नांगराला मागणी वाढली. परंतु त्याच युद्धामुळे लोखंड, कोळसा, रंग असा कच्चा मालही मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दाराशी आणि भट्टीत घालावयास लोखंड नाही, असा तो पेचप्रसंग होता. त्या वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या, निकामी तोफा किर्लोस्करांना देवविल्या. एके काळी रणांगणावर धडाडलेल्या त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि नांगरांच्या रूपाने शेतात उतरल्या. कच्च्या मालासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहात बसणारा उद्योग कसा अडचणीत येतो, हे त्या वर्षांनी शिकविले. हाताशी असेल त्यातून मार्ग काढावयाचा, ही सवयही वाडीस त्या काळात अधिक जडली.

युद्धानंतर, 1920 साली, किर्लोस्कर बंधूंचा धंदा मर्यादित कंपनीच्या रूपाने उभा राहिला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून मराठी वाचकांच्या घरोघरी गेले. नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल वाडीतून बाहेर पडू लागला. यांपैकी बहुतेक वस्तू शेतकऱ्याच्या गरजेच्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लक्ष्मणरावांना स्वतःला यंत्रविद्येचे पद्धतशीर शिक्षण मिळाले नव्हते. आपली उणीव पुढच्या पिढीत राहू नये, म्हणून त्यांनी चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेत शिकावयास पाठविले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेची पदवी घेऊन शंतनुराव 1926 साली परतले आणि वाडीच्या कामास लागले. तरुणांनी नवे विचार आणावे आणि वडिलांनी जुन्या यशाचा दाखला देऊन ते दडपून टाकावे, असे पुष्कळ घराण्यांत होते. ज्याने एके काळी नवेपणासाठी लोकांचा अविश्वास सोसला, तोच वृद्धपणी नवेपणाला अडसर होतो. लक्ष्मणरावांनी तसे होऊ दिले नाही. रामूअण्णांनी जे त्यांना दिले होते, तेच त्यांनी पुढच्या पिढीला दिले. तेलावर चालणारी एंजिने, विजेच्या मोटारी आणि यंत्रे घडविणारी यंत्रे अशा क्षेत्रांत किर्लोस्कर उद्योग पसरले. म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे 1941 साली यांत्रिक हत्यारांचा कारखाना निघाला, आणि 1946 साली पुणे व बंगलोर येथे नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. ज्या घराण्याचा पहिला नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहात होता, त्याचा माल आता देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊ लागला.

26 सप्टेंबर 1956 रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशन आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.

लक्ष्मणरावांच्या चरित्रातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नवी वस्तू घडविण्यास बुद्धी लागते, भांडवल लागते, कच्चा माल लागतो. पण या सर्वांच्या आधी विश्वास लागतो. रामूअण्णांनी पुस्तकांत न रमणाऱ्या भावावर विश्वास टाकला, बाळासाहेबांनी निर्धन कारखानदारावर टाकला आणि लक्ष्मणरावांनी शाळा सुटलेल्या तरुणावर व शिक्षा भोगून आलेल्या राखणदारावर टाकला. सर्वांत शेवटी, बांधावर उभे राहून नीट पारख केल्यानंतर, शेतकऱ्याने लोखंडाच्या नांगरावर विश्वास टाकला. जो विश्वास मिळतो, तो पुढे दुसऱ्याला देत जावा लागतो. तसे झाले नाही, तर उद्योग जागच्या जागी थांबतो. निवडुंगाच्या त्या माळावर हे घडले, म्हणून तेथे भट्टी पेटली आणि काळ्या जमिनीतील हरळीच्या मुळ्या उन्हात आल्या.